बावीस आकड्यांचा उतार

“अगं भिंगरे, टेकडी पालथी पडलीये तुझी!”

चष्मा कपाळावर ढकलून आबा पडद्याच्या इतके जवळ गेले, की नाक टेकायचंच बाकी राहिलं. भिंगरी म्हणजे त्यांची सोळा वर्षांची नात. एका जागी टिकत नाही म्हणून भिंगरी. घराचा नकाशा करायचं सॉफ्टवेअर हाती लागून तिला जेमतेम आठवडा झाला होता, पण ऐट अशी, की जणू रोज एक बंगला बांधूनच शाळेत जाते.

“पालथी कशी पडेल? तुझ्याच वहीतले आकडे टाकलेत, आबा. बावीसच्या बावीस!”

“आपल्या प्लॉटचा रस्ता कुठे आहे?”

“खाली.”

“आणि इथे कुठे गेलाय?”

भिंगरीने माउस फिरवला. पडद्यावरची हिरवी जमीन गरकन वळली. रस्ता खरंच वर जाऊन बसला होता आणि प्लॉटची मागची बाजू, जिथे चढताना भल्याभल्यांना धाप लागते, तिथे चांगला खोल खड्डा होता.

“अय्या! इथे तर तळं होईल.”

आबांना हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, “जा, झाडू आण.”

आबांची सगळी नोकरी मोजणीच्या खात्यात पट्टी धरण्यात गेली होती. छत्तीस वर्षं. साहेब दुर्बिणीमागे आणि आबा समोर, हातात आकडे रंगवलेली चार मीटर उंच पट्टी. साहेब हात करतील तिथे ती उभी करायची आणि हलायचं नाही. ऊन असो, मानेवर गांधीलमाशी बसो, नाकाला खाज सुटो. पट्टी जरा कलली तर आकडा चुकतो, आकडा चुकला तर कालवा चुकतो, आणि कालवा चुकला की सगळे पट्टीवाल्याकडे बघतात. त्यांच्या पट्टीमुळे कधी कालवा चुकला नाही. म्हणूनच बहुधा त्यांच्याकडे कधी कुणी बघितलंही नाही.

झाडू आला. आबांनी तो जमिनीवर उभा धरला. “ही पट्टी. तू दुर्बीण. खुर्चीतून हलू नकोस, नजर अगदी सरळ ठेव. झाडूवर कुठे लागते?”

“दांड्याच्या टोकाशी.”

आबांनी झाडू उचलून स्टुलावर उभा केला. “आता?”

“आता खाली. झाडूच्या काड्यांपाशी.” भिंगरी ताडकन उभी राहिली. “म्हणजे जमीन उंच असली की आकडा लहान येतो! आणि खोल असली की मोठा! मी सगळं उलटं केलं!”

“तू एकटी नाहीस. नवा आलेला प्रत्येक साहेब पहिल्या दिवशी हेच करायचा. फक्त तो कबूल करायचा नाही.”

दुर्बिणीच्या नजरेची रेष रस्त्यापासून तीन मीटर साठ सेंटिमीटर वर होती. त्यातून एकेक आकडा वजा करायचा. आबा वहीतून वाचत गेले, भिंगरी वजाबाकी करून टाकत गेली. बाविसाव्या आकड्याला जमीन हलली, सावकाश उठली आणि पडद्यावर त्यांचा उतार उभा राहिला. डावीकडचा फुगवटा, मधला खोलगट पट्टा, मागचा अवघड चढ. जसाच्या तसा.

आबा नुसते बघत राहिले.

“ही मोजणी कुठल्या साहेबांनी केली होती?” भिंगरीने विचारलं.

“मी.”

“तू तर पट्टी धरायचास!”

“त्या दिवशी पट्टी तुझ्या आजीने धरली होती.”

भिंगरीने माउस सोडला.

तेव्हा प्लॉट नुकताच घेतला होता. साहेब दिलदार, रविवारी दुर्बीण घरी न्यायला दिली. आयुष्यात पहिल्यांदा आबा काचेच्या मागच्या बाजूला उभे राहिले. आजी डोक्याला फडकं बांधून उतारावर. तिला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. दुपार झाली.

“दुर्बीण जुनी होती. तिच्यातून सगळं उलटं दिसायचं. पाय वर, डोकं खाली.”

“आजी शीर्षासनात?”

“शीर्षासनात, आणि वर मला ओरडतेय, ‘अहो, बघताय ना? हात भरून आले माझे!’ तेव्हा मला कळलं, की साहेबांनी मला जन्मभर असंच बघितलं असणार.” आबांनी वहीच्या पानावरून अंगठा फिरवला. “सतराव्या जागी मी आकडा टिपायलाच विसरलो. नुसता बघत बसलो. तर म्हणते कशी, ‘काय हो, डोळा लागला का तिथे?’”

सतरावा आकडा बाकीच्यांपेक्षा ठळक होता. दोनदा गिरवलेला.

दार वाजलं. आबांचा मुलगा, भिंगरीचे वडील, कामावरून आला होता. बूट काढता काढताच म्हणाला, “भिंगे, चौथरा टाकलास का? परवा सकाळी खोदाईचं यंत्र येतंय. किती खणायचं ते उद्या कळवायचंय मला.”

चौथरा म्हणजे घर ज्याच्यावर उभं राहील ती सपाट केलेली जागा. सॉफ्टवेअरमध्ये तिचं बटण असतं. जागा आखायची, उंची सांगायची, की तेवढ्यातला डोंगरसुद्धा टेबलासारखा होतो.

“एकच मोठा टाक,” मुलगा म्हणाला. “रस्त्याच्या पातळीला. पंधरा सेंटिमीटर वर. एकही पायरी नको.”

“पप्पा, मग मागे जवळजवळ तीन मीटर खणावं लागेल.”

“खणू.”

“सगळा उतार जाईल रे,” आबा हळूच म्हणाले.

“बाबा, तुमच्या गुडघ्यांसाठीच चाललंय ना हे सगळं?”

आबांनी वही मिटली. पण भिंगरी गप्प बसणारी थोडीच! दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दप्तर फेकून ती लॅपटॉपला चिकटली आणि संध्याकाळी दोघांना ओढून आणलं. “बघा! दोन चौथरे! एक रस्त्यालगत, दुसरा मागे सव्वा मीटर वर. मध्ये फक्त सात पायऱ्या. उतार अर्ध्याहून जास्त वाचतो. आणि सतरावी जागा,” तिने बाणाने दाखवली, “दोन्हींच्या मधोमध आहे, जशीच्या तशी!”

आबांचा चेहरा असा उजळला, की मुलाला पुढचं बोलणं जड गेलं.

“बाबांची खोली कुठे?”

“खाली. पुढच्या चौथऱ्यावर.”

“आणि जेवायचं?”

“वर,” भिंगरी म्हणाली, आणि तिचा आवाज जरा खाली आला. “पण मी ताट आणून देईन ना. रोज!”

“तुला शिकायला बाहेर जायचंय की नाही दोन वर्षांनी?”

आबा उठले आणि दाराबाहेर गेले. भाड्याचं घर पहिल्या मजल्यावर होतं. जिन्यावर त्यांची पावलं ऐकू आली. एक, मग थांबणं. दुसरं, मग लांब थांबणं. भिंगरी उठायला लागली, तर वडिलांनी तिचा हात धरून ठेवला. सात पावलं खाली गेली. मग बराच वेळ काहीच नाही. मग सात वर आली. सातव्याला कठड्याचा लोखंडी गज कुरकुरला.

आबा आत आले तेव्हा घामाघूम झाले होते. खुर्चीत बसले, पाणी प्यायले.

“दिवसातून एकदा जमेल,” ते म्हणाले. “दोनदा नाही जमणार. आणि मला खालच्या खोलीत ताटाची वाट बघत बसायचं नाही. मला तुमच्यात बसून जेवायचंय. एकच चौथरा कर, भिंगरे.”

“आबा, पण आजी...”

“तिला खोळंबून राहिलेलं आवडायचं नाही. कर.”

भिंगरीने माउस पुढे केला तो स्वतःच्या हाताखाली नाही, त्यांच्या हाताखाली. आबांनी कधी माउस धरला नव्हता. बाण पडद्यावर डास उडावा तसा उडाला, दोनदा बटणाबाहेर गेला, तिसऱ्यांदा बसला. डावीकडचा फुगवटा दबला, खोलगट पट्टा भरला, मागचा चढ सरळ कापला गेला आणि तिथे माती अडवणारी भिंत उभी राहिली. बाजूच्या यादीत बावीस उंच्या होत्या. आता बावीसही ठिकाणी एकच आकडा होता. शून्य दशांश एक पाच.

“रद्द करता येतं हं,” भिंगरी घाईघाईने म्हणाली. “एका बटणात मागे जातं सगळं.”

“राहू दे. बरोबर आहे मोजमाप.”

सकाळी यंत्र आलं, तेव्हा ही तिघं आधीच पोचली होती. यंत्रवाल्याने वरूनच विचारलं, “कुठून लावू?”

“मागून लाव,” आबा म्हणाले. “तिथे माती सगळ्यात जास्त आहे. पण दोन मिनिटं दे मला.”

काठी टेकत, आडवी पावलं टाकत, ते उतारावर निघाले. मुलगा पुढे धावला, पण आबांनी नुसती मान हलवली. अर्ध्या चढावर, खोलगट पट्टा संपतो तिथे, सतराव्या जागी ते थांबले. तिथे विशेष काही नव्हतं. गवत होतं, दोन-चार दगड होते. यंत्रवाल्याने काय समजायचं ते समजून इंजिन बंद केलं. आबा थोडा वेळ उभे राहिले आणि गेले तशीच आडवी पावलं टाकत खाली आले.

मुलाने रस्त्याच्या कडेला खुर्ची मांडली होती.

“बसा, बाबा.”

इंजिन पुन्हा सुरू झालं. यंत्राचा हात वर गेला आणि मागच्या चढात रुतला. ओली, लालसर माती गवतासकट सुटी झाली. आबांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली, दोन्ही हात अंगालगत घेतले आणि पहिला ढिगारा माती न्यायला आलेल्या गाडीत पडेपर्यंत, पट्टी धरल्यासारखे, अजिबात न हलता उभेच राहिले.