ट्रंकेतलं जुनं मृत्युपत्र

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. देवळाली कॅम्पच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून घडवले आणि हिरवा रंग दिला. पुंजाराम मास्तरांनी मला नाशिकच्या आपल्या नव्या घरात आणले. "काय मजबूत आहे!" असे जो तो म्हणे आणि मी सुखावून जाई.

१९७२ साली मास्तर फार आजारी पडले. बरे होताच त्यांनी मृत्युपत्र करून माझ्या तळाशी ठेवले. मुले लहान होती. म्हणून आपल्यामागे थोरले भाऊ सावळीराम यांनी घर ताब्यात घ्यावे आणि बायकोमुलांना सांभाळावे, असे त्यात लिहिले होते. भावालाही त्यांनी तसे सांगून ठेवले.

पुढे घरात लोखंडी कपाट आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. मला गंज चढला. आमच्या घरात त्या कागदाची कुणाला आठवणही राहिली नाही. मास्तरांची थोरली मुलगी मंगला नर्स झाली, धाकटा वाल्मीक अंबडच्या कारखान्यात लागला.

मास्तर निवृत्त झाले त्या वर्षी मला खाली उतरवले. मंगलाने तो कागद मोठ्याने वाचला. तांदूळ निवडणाऱ्या तिच्या आईचा, विमलाबाईंचा, हात थांबला.

"त्यात माझं नाव कुठंय?"

"दादा तुला सांभाळतील, असं लिहिलंय ना," मास्तर म्हणाले.

"मी काय भांडीकुंडी आहे सांभाळायला? या भिंतींवर पाणी मी मारलंय."

मास्तरांना ते पटले. पण थोरल्या भावाचे नाव काढायचे कसे? कितीतरी दिवस त्यांना अन्न गोड लागेना. अखेर त्यांनी भावाला घरी बोलावले आणि अडखळत सगळे सांगितले. सावळीरामदादा माझ्यावरच बसले होते. 

"सुटलो रे पुंजा!" ते एकदम म्हणाले. "तू नुसता खोकलास तरी मी धसकायचो. मला आता धड दिसत नाही. पोरं शहाणी झालीत, त्यांच्यावर सोपव."

सगळ्यांनी वाल्मीककडे पाहिले.

"ताईवर सोपवा," तो म्हणाला. "मी लगेच भांडतो. ती सगळ्यांचं ऐकून घेते."

नवे मृत्युपत्र झाले. घर विमलाबाईंना, त्यांच्यामागे दोन्ही मुलांना सारखे. आणि सारे नीट पार पाडायची जबाबदारी मंगलावर. शेजारच्या दोघांनी साक्षीच्या सह्या केल्या.

"माझ्या नावाची ओळ परत एकदा वाचा," विमलाबाई म्हणाल्या. मास्तरांनी वाचली. त्या पदर सावरून उभ्याने ऐकत राहिल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा कागद पडून असेल. तुम्ही मोठे झालात की वडिलांना तो बाहेर काढायला सांगा. आणि वाचाल तेव्हा आईला शेजारी बसवा.