शेकडा पाच हळू

घरचं इंटरनेट मनात आलं तर धावायचं, नाहीतर आडमुठ्या बैलासारखं वाटेतच बसकण मारायचं. त्यावर धाकटीने प्रोग्रामात एक युक्ती लिहिली होती. पुढचं चित्र यायला उशीर होतोय असं दिसलं, की हाताशी असलेलं चित्र शेकडा पाच हळू चालवायचं. डोळ्यांना फरक कळत नाही, आणि तेवढ्यात पुढचं येऊन पोचतं. सोमवारी ऑफिसात दाखवण्याआधी तिने ती घरच्या टीव्हीवर बसवली, कारण आज भाचीची, म्हणजे घरच्या मासोळीची, पोहण्याची शर्यत होती. पस्तीस सेकंदांच्या आत पोहली, तरच संघात.

ताई तलावाच्या काठावरून मोबाइलने शर्यत दाखवत होती. इकडे बाबा सोफ्याच्या टोकाला, हातात स्टॉपवॉच. तीस वर्षं पोहायला शिकवून बाबा निवृत्त झाले होते; त्यांचा अंगठा मात्र अजून नोकरीत होता.

शिट्टी झाली. मासोळीने सूर मारला.

“बघा, अडकतंय का कुठे?” धाकटी म्हणाली.

“गप गं! वळली, वळली!” आई ओरडली.

मासोळीचा हात भिंतीला लागला आणि ताई धावत सुटली. पडद्यावर फरश्या दिसल्या, कुणाची तरी चप्पल दिसली, मग काहीच नाही.

बाबांनी घड्याळ पाहिलं. “छत्तीस,” ते हळूच म्हणाले. “हुकलं पोरीचं.”

“अहो, तुम्हीच बटण उशिरा दाबलं असेल.”

“मी? सेकंदभर उशिरा? तेवढ्यात माझा चहा पिऊन होतो!”

धाकटीने लॅपटॉप ओढला आणि युक्तीची नोंद उघडली. शिट्टीपासून भिंतीपर्यंत सगळी शर्यत हळू चालली होती.

“बाबा, छत्तीसमधून शेकडा पाच वजा करा.”

“कशाला?”

“करा तर!”

बाबांचे ओठ हलले. “चौतीस पॉइंट दोन.” मग भुवया वर गेल्या. “म्हणजे माझ्या नातीला तू रेंगाळायला लावलंस?”

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे ताई धापा टाकत होती. “चौतीस पॉइंट दोन! घेतलं गं तिला संघात!”

आईने आनंदाच्या भरात बाबांच्याच पाठीत धपाटा घातला. पाठ चोळत बाबा धाकटीला म्हणाले, “डोळ्यांना फसव हवं तर. घड्याळाला आधी सांगत जा.”

सोमवारी साहेबांना पडद्याच्या कोपऱ्यात एक इवलं कासव दिसलं. चित्र हळू झालं की ते उगवायचं.

“हे कशाला? कुणाला कळतंय?”

“आमच्या बाबांच्या अंगठ्याला,” धाकटी म्हणाली. कासव राहिलं.