झाऊ, महानदीकाठ, आपोआप उगवलेलं

झाऊच्या झुडपाची पानं जिभेला लावली की खारट लागतात.

नव्या राज्याच्या नव्या राजधानीला महानदीचं पाणी लागणार होतं.

दाबून ठेवलेल्या फुलांचा कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर फुलं काळी पडतात.

ब्राह्मणपारा मोहल्ल्यात श्यामकांतनी लेकीसाठी दारावरची पाटी आधीच रंगवून आणली होती. डॉ. चित्रा.

हे सगळं विद्यापीठाच्या हर्बेरियममधल्या एका टेबलावर येऊन भिडलं, दोन हजार सहाच्या मार्चमध्ये.

चित्रानं तीन वर्षं महानदीच्या वाळूतून झाऊच्या फांद्या गोळा केल्या, वाळवल्या, जाड कागदावर शिवल्या. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात तिच्या अक्षरात लेबल : महानदीकाठ, आपोआप उगवलेलं. तिचा प्रबंध शेवटच्या दोन शब्दांवर उभा होता. त्याच काठावर राजधानीचं पंपघर व्हायचं होतं. तिथं रानटी असं काही उगवत नाही, असा अहवाल तिच्याच गाईडनं, भार्गव सरांनी, सही करून दिला होता.

"हे आपोआप नाही," सर म्हणाले. "मी लावलं. माझ्या अंगणातल्या फांद्या नेऊन खोचल्या होत्या. सहज."

"सर, तीन वर्षं तुम्ही मले सांगितलं नाही?"

"पाहून राहिलो होतो, तुले कधी समजते ते."

"पण एका झाडाच्या फांद्या खोचल्या तर सगळी नर निघतात, नाहीतर सगळी मादी. काठावर नर झाडं बी आहेत, मादी बी."

"माझ्या अंगणात बी दोन्ही आहेत. ये पाहाले म्हटलं असतं. पण तुले नर-मादी ओळखू येते का, हाच सवाल आहे."

शेजारच्या टेबलावर तिच्याच बॅचचा सुशील हसला.

हर्बेरियममध्ये, वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जुनं लेबल खोडत नाहीत. चूक निघाली तर त्याखाली नवी चिठ्ठी चिकटवायची, सहीसकट. चिठ्ठी कोणीही जाणकार लिहू शकतो. सरांनी डिंकाची बाटली तिच्याकडे सरकवली.

"तूच लिही. अक्षर चांगलं आहे तुझं."

लागवड. चित्रा.

लागवड. चित्रा.

"डिंक जपून. फुलावर सांडशील."

लागवड.

शेवटची चिठ्ठी चिकटली तेव्हा सरांचा अहवाल खरा झालेला होता, आणि तो खरा असल्याची सही चित्राची होती. सरांनी शीटांचा गठ्ठा उचलून ठोकून सारखा केला. "आता विषय बदल," म्हणाले. "नाहीतर लगन कर."

घरी श्यामकांतनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाटी वाया काहून घालवायची, बेटा?" त्यांनी पहिल्या अक्षरावर काळा रंग मारला आणि पाटी लावली. उन्हात रंगाखालचं 'डॉ.' रस्त्यावरूनही वाचता येई. मोहल्ल्यातले लोक वाचत. काही जण तिला 'डॉक्टर दीदी' म्हणू लागले.

पावसाळ्याआधी काठ साफ झाला. झाऊ मुळासकट निघालं.

भार्गव सर शंकर नगरात तिसऱ्या मजल्यावर राहत. त्यांना अंगण नव्हतं.