दुसऱ्यांदा सुई

मागच्या वर्षी ह्यांचा प्रोस्टेटचा रिपोर्ट चांगला आला, त्याच महिन्यात मी सोळा सोमवारांचं उद्यापन केलं. चुरम्याचा नैवेद्य झाला, भुकूममधली सगळी भावकी जेवून गेली. हे पंगतीत मोठ्यानं सांगत होते, "बारा जागी सुया घातल्या, येकीला बी कॅन्सर घावला न्हाई!"

यंदा रक्तातला पीएसए, हा प्रोस्टेटचा आकडा, पुन्हा वाढला, पहिल्यापेक्षा जास्तच. डॉक्टर उत्कर्षा म्हणाल्या, "बहिरूकाका, परत तुकडे काढून तपासावे लागतील."

"येकदा काढल्यात की."

"ते जुन्या पद्धतीनं. शौचाच्या वाटेनं, ठरलेल्या जागांवर सुया घालून. ग्रंथीच्या पुढच्या बाजूला त्या नीट पोचत नाहीत. तिथली गाठ निसटू शकते. आता आधी एमआरआय काढू. त्यात जागा दिसली की नेमकी तिथंच सुई, दोन पायांमधल्या कातडीतून. मागच्यासारखा ताप यायची भीतीही कमी."

"मंजी मागं आंधळी कोशिंबीर खेळला म्हना!" असं म्हणून हे उठलेच.

पौड रस्त्याच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा म्हणाले, "देवाचं देऊन झालंय. आता परत तपासायचं मंजी त्याच्यावर इस्वास न्हाई, आसं व्हतंय. पाप तुलाच लागंल."

माझ्याही मनात तीच भीती होती. उद्यापन झालेल्या व्रतावर शंका कशी घ्यायची?

सोमवारी दिवा लावला आणि दुपारी ह्यांना एकट्यालाच वाढलं.

"का गं? सोमवार सुटलं न्हवं तुजं?"

"परत धरलेत."

"कुनापायी?"

"तुमच्यापायी."

ह्यांनी भाकरी खाली ठेवली. "मंजी तुला बी वाटतंय, हाय म्हनून."

ह्यांच्यापुढं माझा आवाज कधी निघत नाही. तरी मी हळूच म्हणाले, "अहो, रिपोर्ट देवानं दिला नव्हता. सुयांनी दिला. त्यांना घावलं नाही, एवढंच."

"लई शानी झालीस!"

अर्ध्या ताटावरून उठले, आमच्या खोल्यांतल्या भाडेकरू पोरांवर गाड्या वाकड्या लावल्या म्हणून उगाच ओरडले आणि परत येऊन उंबऱ्यात बसले.

"येमाराय मंजी त्या नळीत घालत्यात त्येच ना?"

"हो."

"तू दाराशी ऱ्हा."

एमआरआयमध्ये ग्रंथीच्या पुढच्या बाजूला डाग दिसला. सुई तिथंच घातली. ताप आला नाही. रिपोर्टमध्ये कॅन्सर आला, तोही जोरात वाढणारा.

"मागल्या साली बी व्हता का ह्यो?" ह्यांनी विचारलं.

"खात्रीनं नाही सांगता येणार, काका. पण असावा."

"मंजी आपल्या पंगतीला ह्यो बी जेवून गेला." हे एकटेच हसले. डॉक्टरबाईंनी मान खाली घातली. हाडांत पसरलाय का, ते बघायला अजून एक तपासणी करावी लागेल म्हणाल्या.

बाहेर बाकावर हे टेकले. मग म्हणाले, "साळू, ठावं नसतं तर बरं झालं आसतं. वरीसभर कसा झ्याक झोपत व्हतो."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, तेही मध्येच तुटत होतं. उठताना मी त्यांचा दंड धरला. चारचौघांत धरलेलं ह्यांना खपत नाही. आज मात्र सगळा भार माझ्यावर टाकून जिना उतरले.