शेपटाकडचं पाणी

"पाणी कुठं मुरतंय ते आंधळ्यालाही दिसेल, भाऊजी!" काकूने खांद्यावरचं फावडं पाणीसंस्थेच्या भर सभेत खळ्यावर आपटलं.

काकूचं भात पोटरीवर आलं होतं. ऐन दाणा भरायच्या आधी तिच्या खाचराला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. पाटाच्या अगदी शेपटाला तिचं रान, तोंडाशी भाऊजींचं. भाऊजी म्हणजे तिचे चुलत दीर आणि संस्थेचे जन्माचे अध्यक्ष. सभा त्यांच्याच खळ्यावर भरायची, चहाही त्यांचाच, आणि चहा प्यालेल्या माणसाचा हात आपोआप वर जायचा. त्यांच्या खाचरात बेडूक पोहत होते. काकूपर्यंत पाटातून यायची ती वाऱ्याने ढकललेली वाळकी पानं.

भाऊजी रागावले नाहीत. गोड बोलण्यात त्यांचा हात कोण धरणार? "वहिनी, ही खुर्ची मी काय स्वतःसाठी सांभाळतो? आधी गाव, मग मी."

"खरंच?"

"शब्दाला जागणारा माणूस आहे मी."

"मग ठरवूनच टाकू. वाढप्यानं शेवटी जेवायचं. जो अध्यक्ष, त्याच्या खाचराला पाणी सगळ्यांच्या मागून."

मधल्या पट्ट्यातला शिंपी खुदकन हसला. त्याचंही निम्मं भात पाण्याच्या दर पाळीला कोरडं राहायचं. त्याने हात वर केला, मग शेजारच्याने, मग सगळ्या रांगेने. आपलाच शब्द चारचौघांत गिळायचा कसा? भाऊजींनीही हात वर केला, पण खांदा दुखत असल्यासारखा.

"आता अध्यक्ष कोण?" पाटकऱ्याने विचारलं. पाटाच्या फळ्या उघडायचं आणि लावायचं काम त्याचं. हुकूम कुणाचा ऐकायचा ते त्याला कळायला नको?

भाऊजींना अचानक आपलं वय आठवलं. गुडघे आठवले. सुनेने आराम करायला सांगितलेलंही आठवलं. बाकीचे पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले.

"मला करा," काकू म्हणाली. "मी तशीही शेवटचीच. माझं काय जाणार?"

पाळी सुटली तशी काकू पाण्याबरोबर काठाकाठाने चालू लागली. "शिंपीबुवा, पाय बुडेपर्यंत पाणी पुरे! भात लावलंय की मासे पाळलेत?" असं ओरडत ती एकेक फळी लाववून घ्यायची आणि पुढे सरकायची. उन्हं कलताना पाणी तिच्या बांधाशी आलं. भेगांतून ते आत शिरताना मातीने बुडबुड आवाज केला आणि काकू बांधावर बसून चक्क रडली. आनंदाने रडायला तिला लाज वाटली नाही. आजूबाजूला कुणी नव्हतंच.

भात कापून झालं तसे भाऊजी बांधावर हजर. तिच्या रानापलीकडे त्यांचाच एक तुकडा होता. पाणी पोचत नाही म्हणून वर्षानुवर्षं पडीक टाकलेला, काटेरी झुडपांनी भरलेला.

"वहिनी," ते घसा खाकरत म्हणाले, "पाणी इथवर येतंय, तर म्हटलं हेही रान लावावं."

काकूने मान डोलावली. "लावा की. नियमाप्रमाणे तुम्हाला आधी, मला मागून."

भाऊजींची कळी खुलली.

"पण पाणी इथवर यायचं म्हणजे वाटेत कुणी जास्त घेता कामा नये," काकू म्हणाली. "आणि वेळेवर लावायची पहिली फळी तुमचीच."

पुढच्या हंगामात पहिली पाळी सुटली. पाटकरी फळी लावायला भाऊजींच्या खाचरावर पोचला, तर ते गुडघाभर चिखलात उभे राहून स्वतःच ती ठोकून बसवत होते.

"अरे बघत काय उभा राहिलास?" ते त्याच्यावरच ओरडले. "चल पुढं! खाली लोक खोळंबलेत!"