खोलीला लावलेला पंखा

काळाचौकीच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर लवू राहत असे. गिरणीच्या साचेखात्यात तो कापड विणी. त्या मे महिन्यात सगळी चाळ मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राबद्दल बोलत होती आणि लवूचा बाप बुधाजी फक्त बोटीबद्दल.

बुधाजी मालवणकडून डोळा दाखवायला आला होता. मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि पावसाळाभर थांबलात तर नजर जाईल, असं बजावलं होतं. पण ती तारीख यायच्या आधीच पावसाळ्यापूर्वीची शेवटची बोट सुटणार होती. खोलीतल्या उकाड्यात म्हाताऱ्याला झोप येईना. त्याच बोटीने परत जायचं म्हणून त्याने आपली पिशवी भरून दाराजवळ ठेवली.

"आबा, आम्ही मुंबई मिळावी म्हणून भांडतोय नि तुम्ही ती सोडून चाललात," लवू म्हणाला.

"मिळाली तर तू घे," बुधाजी म्हणाला. "माका झोप होयी."

लवूने एका इराण्याकडून जुना छताचा पंखा आणला. मुलगी कमल तान्ही असताना तिचा पाळणा ज्या कडीला टांगत, त्याच कडीला तो टांगला. बायको कांता बटण दाबायला गेली, तर त्याने तिला अडवलं.

"आत्ता नाही. आधी खोली तयार करायची."

साचेखात्यात खिडक्या बंद असतात. बाहेरचा वारा आत आला की सूत सुकतं आणि तुटतं. म्हणून पाळी सुरू होण्याआधीच आतली हवा दमट करून ठेवतात आणि मग माणसं आत येतात. लवूने वीस वर्षं हेच पाहिलं होतं.

संध्याकाळी परळच्या मैदानात सभा होती. लवूने खिडकी लावली, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं, पंखा पूर्ण सोडला आणि सगळ्यांना घेऊन सभेला गेला. परत येताना जिन्यावरच त्याने बापाला सांगितलं, "आबा, आता आत थंडगार असेल. पांघरूण लागेल."

दार उघडलं. आतून भाकरीच्या तव्यासारखी धग आली. बुधाजी वळला आणि गॅलरीत चटईवर जाऊन बसला.

"बोट शनवारी मां?" त्याने विचारलं.

"कमी वेळ फिरला," लवू म्हणाला. "उद्या दुपारपासून लावतो."

दुसऱ्या दिवशी खोली आणखी तापली. शेजारचा आनंदा दारात येऊन म्हणाला, "लवू, खोली सुकत घातलीस काय रे?"

बुधाजी खालून पाण्याची कळशी घेऊन वर आला होता. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. तो पंख्याखाली उभा राहिला. ओला सदरा अंगाला गार लागला तसं त्याने वर पाहिलं.

"सभेक गेलंव तेव्हा ह्यो कोणाक वारो घाली होतो?"

"खोलीला."

"खोलीक घाम येता काय रे?"

कांताने खिडकी उघडली.

पंखा हवा थंड करत नाही, हवा हलवतो. हलती हवा अंगावरचा घाम सुकवते आणि माणसाला गार वाटतं. खोलीत माणूसच नसेल तर पंखा नुसती वीज खातो, वर त्याची मोटर खोली थोडी तापवते. कोणीही आपल्या हातावर पाण्याचा थेंब घेऊन फुंकर मारून पाहावी.

शनिवारी लवू पहिली पाळी करून आला आणि धक्क्यावर जायचं म्हणून त्याने पिशवी उचलली. बुधाजी पंख्याखाली उघडा बसला होता.

"ठेव ती खाली," तो म्हणाला. "माझो पंचो काढ आतलो. भिजवन दी."

लवूने पंचा भिजवून दिला. बापाने तो खांद्यांवर घेतला. बोट सुटायच्या वेळी तो घोरत होता.

ऑपरेशन झालं. बुधाजी डोळ्यांवर पट्टी बांधून घरी आला. दिसत नसलं तरी खोलीवर त्याचं लक्ष असे. कोणी बाहेर गेलं की तो पंखा बंद करायला लावी. एका दुपारी कांता नळावर निघाली.

"सगळी खंय गेली?" त्याने विचारलं.

"ते गिरणीत, कमल शाळेत. मी पाण्याला चाललेय."

"मगे पंखो कोणासाठी फिरता?"

"तुमच्यासाठी, मामंजी."

म्हाताऱ्याने वाऱ्याकडे तोंड वर केलं.

"मी आसंय खरो," तो म्हणाला. "फिरांदे."