झटकायचा राहिलेला पारा

मित्रांनो, शिलाई मशीनच्या खालच्या खणात, बोथट कात्री आणि बिनजोडीच्या बटणांशेजारी पडून असलेला जुना थर्मामीटर म्हणजे मी. काचेची एक छोटी नळी, टोकाला चमकता पारा आणि अंगावर पुसट झालेले आकडे, एवढंच माझं रूप.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. भट्टीवर मऊ झालेली नळी एका कारागीर बाईने ओढून बारीक केली आणि तिच्यात पारा भरला. पारा मोठा गमतीचा धातू. लोखंड, तांबं कसं घट्ट असतं, हा मात्र पाण्यासारखा पातळ, आणि तरी काचेला चिकटत नाही. ऊब लागली की फुगतो आणि नळीत वर चढतो. माझ्या पोटाच्या जरा वर त्या बाईने नळी आवळली. त्या आवळलेल्या गळ्यातून पारा वर जातो, पण आपसूक खाली येत नाही. तोंडातून काढल्यावरही आकडा निवांत वाचता यावा, म्हणून ही युक्ती. पारा उतरवायचा तर मला घट्ट धरून झटकावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मी ज्या घरात आलो तिथली आई कपडे शिवायची आणि बाबा रात्रपाळीला जायचे. पोरं दोन, थोरला आणि धाकटी. माझ्या आधीचा थर्मामीटर बाबांनी स्वच्छतेच्या भरात उकळत्या पाण्यात बुडवला होता. पारा इतका फुगला की बिचाऱ्याची काच फुटली. तेव्हापासून घरात कायदा झाला, की थर्मामीटरला हात लावायचा तो फक्त आईने. ती मला थंड पाण्याने धुवायची, झटकायची आणि मगच डबीत ठेवायची. डबीतून काढताना पुन्हा झटकायची गरजच पडायची नाही. माझ्यावर तिचा देवासारखा विश्वास होता. मलाही त्याचा थोडा ताठा होता, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी सूर्याला खग्रास ग्रहण लागणार होतं. घड्याळं दुरुस्त करणारे मामा महिनाभर त्याच गोष्टीने झपाटलेले होते. जेवताना वाटी आणि वाटाणा घेऊन ते धाकटीला समजावायचे, “चंद्र सूर्यापुढे अगदीच चिमुकला गं. पण तो जवळ आहे आणि सूर्य लांब. म्हणून दोघं दिसतात सारखेच, आणि हा त्याला बरोब्बर झाकतो.” पूर्ण अंधार फक्त डोंगरापलीकडच्या पट्ट्यात पडणार होता. मामांनी मित्रांबरोबर बस ठरवली होती आणि धाकटीची जागा खिडकीशी राखली होती. ती पोरगी तर प्रवासासाठी भरलेलं दप्तर उशाशी घेऊन झोपायची.

आदल्या संध्याकाळी थोरला तापला. आईने मला लावलं आणि मी एकशे दोन दाखवला. आई मला धुवून झटकणार, एवढ्यात तो ओकला. तिने घाईघाईने मला तसंच डबीत सारलं आणि ती त्याच्याकडे धावली.

सकाळी धाकटी बूट घालून दारात उभी.

“थांब,” आई म्हणाली. “घरात ताप आहे. तुझाही बघू दे.”

“मला काही झालं नाहीये!”

“आ कर.”

मी तिच्या जिभेखाली गेलो. अंग गार, श्वास गार. पण माझा पारा कालच्याच आकड्यावर अडकलेला. आईने मला उजेडात धरलं आणि तिचा चेहरा उतरला.

“एकशे दोन. बूट काढ.”

“हात लावून बघ ना कपाळाला! गार आहे!”

“हाताला काय कळतं? काल दादाच्या वेळीही हाताला कमीच लागला होता. पारा खोटं बोलत नाही.”

मित्रांनो, मला तोंड असतं तर तेव्हा ओरडलो असतो.

धाकटी रडली नाही, भडकली. “मग तूही आजारी असशील! लाव तुला!” तिचं तोंड बंद करायला आईने मला धुवून स्वतःच्या तोंडात धरलं. एकशे दोन. तेवढ्यात रात्रपाळी संपवून बाबा आले. त्यांनाही लावलं. एकशे दोन.

“घरात साथच आली की काय!” बाबा खुर्चीत बसले आणि त्यांना खरोखर कणकण वाटू लागली.

धाकटीने कायदा मोडला. मला आईच्या हातातून घेतलं आणि नळाच्या पाण्याने भरलेल्या पेल्यात उभं केलं. जरा वेळाने काढून आईपुढे धरलं.

“पाण्यालाही ताप आलाय,” ती म्हणाली.

आईने मला पाहिलं, मग डबीकडे पाहिलं. तिला कालचं सगळं आठवलं असावं. तिने मला एकदा जोरात झटकलं, धुवून धाकटीला लावलं. साडेअठ्ठ्याण्णव.

दोघी धावत नाक्यावर गेल्या. मामांनी वाट पाहिली होती, पण चंद्र कुणासाठी थांबत नाही. बस गेली होती.

पुढचं मी खिडकीतून पाहिलं. आमच्या गल्लीतून ग्रहण अर्धवटच दिसणार होतं. आईने शिवायला आलेलं पांढरं कापड दारातल्या झाडाखाली अंथरलं. पानांच्या फटींतून एरवी पडणारे उन्हाचे गोल कवडसे हळूहळू चंद्रकोरीसारखे झाले. सगळ्या कापडभर नुसत्या कोरी. धाकटी तिकडे पाठ करून बसली होती.

“चुकलं माझं,” आई म्हणाली. “पाऱ्याचं नाही, माझं.”

धाकटी वळली. “पुढचं कधी?”

“मामाला विचारू. असेल तेव्हा, असेल तिथे, मी नेईन तुला.”

त्या दिवसापासून मला झटकायचं काम धाकटीकडे आलं. ती वापरण्याआधी झटकायची आणि वापरल्यावरही.

पुढे बटण दाबलं की आकडा दाखवणारे आणि टीं टीं वाजणारे थर्मामीटर आले आणि मी खणात गेलो. त्याचं दुःख झालं, नाही कशाला म्हणू? तरी जाता जाता सांगतो, मला कचऱ्यात फेकू नका. पारा विषारी असतो. फुटलोच तर गोळ्यांशी खेळू नका, झाडू फिरवू नका. खिडक्या उघडा आणि मोठ्या माणसांना हाक मारा.

परवा खण उघडला. धाकटीचे केस आता पिकायला लागलेत. दाराशी दोन बॅगा उभ्या होत्या. आई खुर्चीत बसली होती, अगदी वाळलेली.

“मला अंगात तापाची कसर वाटतेय गं,” ती म्हणाली. “तू एकटीच जा. दुसऱ्या देशात मी आजारी पडले तर? तुझं हेही ग्रहण बुडेल.”

“आ कर,” धाकटी म्हणाली.

पण आधी तिने मला धुतलं, घट्ट धरलं आणि झटकलं. एकदा, पुन्हा एकदा. पारा तळाला गेलेला डोळ्यांनी पाहिला आणि मगच मला आईच्या जिभेखाली ठेवलं. कालच्या तापाने आजच्या माणसाला अडवायचं नसतं, एवढंच मला तुम्हाला सांगायचं होतं.

तिने मला उजेडात धरलं.

“साडेअठ्ठ्याण्णव,” ती म्हणाली. “आई, बूट घाल.”